धावणाऱ्याची डावी बाजू

"गाडीत बसून रस्ता कळत नाही," असं ड्रायव्हर एकदा म्हणाला होता.

त्याने एका दमात इतकं लांब वाक्य उच्चारलं, याचंच कंडक्टरला आधी नवल वाटलं. अर्थ त्याच्यापर्यंत पोचायला फार दिवस जावे लागले. दोघं तेव्हा शेवटच्या थांब्यावर रिकाम्या बसच्या पायरीवर बसून डबे खात होते. एकच रूट, एकच बस आणि हे दोघं, यात दोघांचंही अर्धं आयुष्य सरलं होतं. त्या अर्ध्या आयुष्यात जे काही बोलणं झालं, ते जवळजवळ सगळं कंडक्टरचं. डेपोत त्याला 'रेडिओ' म्हणत आणि ड्रायव्हरला 'भिंत'. भिंतीला कान असतात तसे या भिंतीलाही आहेत, फक्त तोंड बसवायचं गवंडी विसरला, हा विनोद कंडक्टरचाच. तो त्याने इतक्यांदा ऐकवला होता की आता कुणी हसत नसे. नव्या माणसाला ड्रायव्हरची ओळख करून देताना सवयीने सांगितला जाई, एवढंच.

हे वाक्य बोलला तेव्हा ड्रायव्हरला धावायला लागून काही महिने झाले होते. धावण्याचं मूळ डेपोच्या दवाखान्यात होतं.

वर्षातून एकदा सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी होई. त्या वर्षी डॉक्टरबाईंनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला आणि कपाळाला आठी घातली. बीपी चढलेलं होतं. वजनही चढलेलं होतं, पण ते सांगायला पट्टा लागत नव्हता. पोट स्टिअरिंगला टेकून टेकून गणवेशाच्या शर्टाचं चौथं बटण झिजलं होतं. बाईंनी फार लांबण लावली नाही. रोज चाला म्हणाल्या. पुढच्या तपासणीला हे खाली आलेलं दिसलं नाही, तर तुम्हाला गाडीवरून खाली यावं लागेल.

गाडीवरून खाली म्हणजे टायरच्या गोदामात. वर्कशॉपच्या मागे, वर पत्रा, खिडकी नाही, आणि आत काळ्या टायरांचे डोक्याहून उंच ढीग. ज्या ड्रायव्हरांच्या हातून चाक काढून घेतलं जाई, त्यांना चाकांच्याच राखणीला तिथे बसवत. असा माणूस गोदामात गेला की डेपोत म्हणत, अमका पंक्चर झाला. दुपारच्या चहाला ते गोदामातले लोक कॅन्टीनमध्ये येत तेव्हा त्यांच्याबरोबर रबराचा वास येई, आणि बाकीचे ड्रायव्हर जरा सरकून बसत. घाण वाटे म्हणून नव्हे. वास लागतो की काय या भीतीने.

ड्रायव्हर दवाखान्यातून बाहेर आला तो नेहमीसारखाच, आणि बाईंचं म्हणणं त्याने कंडक्टरला दोन वाक्यांत सांगितलं. जायचं होतं ड्रायव्हरला, पण पायाखालची जमीन सरकली ती याच्या. बायको गेल्यापासून त्याच्या खोलीत बोलणारा एक नळ तेवढा उरला होता, तोही थेंबाथेंबाने. सकाळी बसच्या दारात पाय ठेवला की त्याचं खरं घर सुरू होई. पुढे त्या ओळखीच्या मानेवरची घडी दिसायची, आणि तिच्याकडे बघत दिवसभर बोलता यायचं. मान हलायची नाही, पण ऐकते आहे हे कळायचं. ही घडी गेली तर बोलायचं कुणाशी? उतारूंशी? ते तर पुढच्या थांब्यावर उतरून जातात.

"चालायला लाग," तो म्हणाला. "मी काही तुला पंक्चर होऊ देणार नाही."

ड्रायव्हर चालायला लागला. पहाटे उठून, पाळीच्या आधी. आणि चालला कुठे, तर आपल्याच रूटवर. बागेत जा, नदीकाठी जा, असं वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने सांगून पाहिलं. त्या शर्टांच्या कारखान्यात काज करायच्या यंत्रावर बसत. त्यांना स्वतःला मोकळ्या हवेचं फार होतं. पण घोडा तबेल्याच्या वाटेनेच जातो तसा हा निघाला तो थेट बसच्या वाटेने.

चालण्यात एक अडचण निघाली. रूटवरची सगळी माणसं त्याला ओळखत. बसमध्ये मध्ये काच होती, रस्त्यावर नव्हती. दूधवाला थांबवून म्हणे, काल संध्याकाळची फेरी उशिरा का? शाळेची शिपाईण म्हणे, माझ्या भाच्याला डेपोत चिकटवता येईल का? एक निवृत्त गृहस्थ तर त्याची वाटच बघत उभे राहत आणि सगळ्या वाहतुकीचं कसं वाटोळं झालंय ते समजावत त्याच्या बरोबरीने चालत. ज्या माणसाने अर्धं आयुष्य 'ड्रायव्हरशी बोलू नये' या पाटीच्या आडोशाला काढलं, त्याच्यावर हा अत्याचारच होता. आठवडाभर त्याने तो सोसला. मग एका पहाटे ते गृहस्थ कोपऱ्यावर दिसताच ड्रायव्हरने पावलं उचलली आणि तो पळाला.

चालणाऱ्याला कुणीही गाठतं, धावणाऱ्याला कुणी हटकत नाही, हा शोध त्याला असा लागला. डॉक्टरबाईंनी चालायला सांगितलं होतं; धावायला लावलं ते लोकांच्या तोंडांनी. कंडक्टर ही हकीगत डेपोत रंगवून सांगे आणि शेवटी म्हणे, लोक देवाला भिऊन सुधारतात, आमची भिंत गप्पांना भिऊन सुधारली.

पहिले काही दिवस फार हाल झाले. रस्ता संपायच्या आधी दम संपे. दोन दिव्यांच्या मधलं अंतर धावायचं, पुढच्या दोन दिव्यांच्या मधे धापा टाकत चालायचं. डेपोने दिलेले जाड तळव्याचे बूट पायाला चावत. घरी आला की तो बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून राही आणि वहिनी त्याच्या पाठीवर ओला टॉवेल टाकून कामाला लागत. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणे, बाबा, तुमचं इंजिन गरम झालंय, बॉनेट उघडून ठेवा. तो हसे, म्हणजे ओठ जरासे रुंद होत. मग मुलीनेच एक दिवस धावायचे बूट आणून दिले, निळे, हलके, तळवा स्पंजासारखा. ड्रायव्हरने ते हातात घेऊन वाकवून पाहिले, आतून चाचपले, आणि रात्री पलंगाखाली ठेवताना दोन्हींची तोंडं दाराकडे करून ठेवली. बस डेपोत लावतानाही तो तिचं तोंड फाटकाकडेच करून ठेवत असे. सकाळी निघताना मागे घ्यावी लागू नये म्हणून.

हळूहळू दम पुरायला लागला. शर्टाचं नवं बटण शाबूत राहू लागलं. आणि कंडक्टरच्या लक्षात आलं की डबा खाताना मधूनच ड्रायव्हर एखादं वाक्य बोलतो.

"पाण्याच्या टाकीपर्यंत चढ आहे," तो एकदा म्हणाला.

"मग? इतकी वर्षं तिसऱ्या गिअरमध्ये चढवतोस ते काय सपाट वाटत होतं?"

"ते गाडीला माहीत होतं. मला नव्हतं."

दुसऱ्या दिवशी म्हणाला, छापखान्याच्या भिंतीला पहाटे आतून ऊब येते. मग एकदा म्हणाला की बाजाराच्या कमानीखाली आपल्या पावलांचा आवाज आपल्या पुढे जातो. कंडक्टर घास हातात धरून ऐकत राहिला. हीच कमान, हाच छापखाना, रोज दहा वेळा त्यांच्या काचेवरून घसरून जात होता. पण ड्रायव्हर सांगे ते गाव वेगळंच वाटे. जणू आपल्या गावाखाली आणखी एक गाव आहे, उजाडायच्या आत थोडा वेळ वर येणारं, आणि या एकट्या माणसाला त्याचा परवाना मिळालेला आहे. त्यातच त्या दिवशी ते गाडीत बसून रस्ता न कळण्याचं वाक्य आलं. कंडक्टरला ते टोमण्यासारखं लागलं. आपण दोघं मिळून इतकी वर्षं काय करत होतो मग?

खरं काय ते बघायला तो एका पहाटे सायकल काढून निघाला. छापखान्यापाशी त्याला ड्रायव्हर येताना दिसला. रस्त्यावरचे दिवे चालू होते, पण आभाळ फटफटल्यामुळे त्यांचा कुणाला उपयोग उरला नव्हता. विझवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून जळत होते. त्या फिक्या उजेडातून ड्रायव्हर येत होता, कोपरं अंगाशी धरून, मान खाली, एका लयीत. चांगला धावत होता. आणि तेवढ्यात छापखान्याच्या थांब्यावर येऊन ड्रायव्हर चक्क थांबला.

दमला नव्हता. रस्त्याच्या कडेला आला, खांबाच्या बरोबर समोर उभा राहिला, आणि समोर बघत वाट पाहू लागला. थोड्या वेळाने जागा झाल्यासारखा होऊन पुन्हा धावू लागला. पुढच्या थांब्यावर तेच. त्याच्या पुढच्या थांब्यावर अवजारांची पिशवी घेऊन नळदुरुस्तीवाला उभा होता. ड्रायव्हर येताना दिसल्यावर त्याचाही हात सवयीने वर गेला. ड्रायव्हर थांबला. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. नळदुरुस्तीवाल्याने ओशाळून हात खाली घेतला आणि डोकं खाजवलं.

"हा काय प्रकार आहे?" कंडक्टर सायकल आडवी घालत म्हणाला.

"पाय थांबतात," ड्रायव्हर म्हणाला.

"आणि उभा कशाची वाट बघत असतोस?"

ड्रायव्हरने जरा विचार केला. "तुझ्या बेलची."

एक बेल थांबायची, दोन बेल निघायच्या. दारातून शेवटचा उतारू आत आला की कंडक्टर छताची दोरी दोनदा ओढी आणि क्लचवरचा पाय उठे. इतकी वर्षं हेच झाल्यावर त्या पायांना थांबा तर कळायला लागला होता, पण निघण्याचा हुकूम त्यांच्याकडे नव्हता. तो कंडक्टरकडे राहिला होता. कंडक्टर रस्त्याच्या मधोमध पोट धरून हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते पुसताना त्याला वाटलं की आपलं कुणीच नाही असं आपण उगाच समजत होतो.

दुसऱ्या दिवसापासून तो सायकल घेऊन बरोबर निघू लागला. ड्रायव्हर रस्त्याच्या बाजूने, हा कडेच्या बाजूने, म्हणजे डावीकडून. बसमध्ये दार डावीकडे, म्हणून त्याची जागा डावीकडे, याहून जास्त विचार त्याने केला नाही. थांबा आला, पावलं अडखळली की हा सायकलची घंटी दोनदा वाजवी आणि पाय चालू लागत. पुढे पुढे थांब्याच्या आधीच वाजवी. मग पाय थांबायचे बंदच झाले. बाकी वेळ त्याचं तोंड चालू असे, जसं बसमध्ये चाले: खड्डा आहे रे, कुत्रं आलंय बघ, हातगाडी उभी आहे, जरा उजवीकडून घे, येऊ दे, येऊ दे. दूधवाला म्हणायचा, हे बघा, बस घरी ठेवून फेरी निघाली.

असे ते दिवस होते, आणि कंडक्टरला ते संपूच नयेत असं वाटत होतं. तपासणी जवळ आली तशी त्याने डेपोत पैजेची भाषा सुरू केली. आमच्या ड्रायव्हरचं बीपी आता तान्ह्या पोराचं आहे, म्हणाला. वहिनीही निर्धास्त झाल्या होत्या.

मधे एकदा भाचीच्या लग्नासाठी कंडक्टर चार-पाच दिवस परगावी गेला. परत आला तेव्हा ड्रायव्हरचा डावा खांदा काळानिळा होता आणि डाव्या भुवईवर पट्टी होती. काय झालं विचारल्यावर त्याने नुसता हात हलवला. वहिनी म्हणाल्या, अंधारात खांबावर आपटले, दोनदा. सुरुवातीला एकटे धावायचे तेव्हाही असेच आपटून यायचे. कंडक्टर म्हणाला, बघा, माझ्यावाचून याचं पान हलत नाही. आणि पुन्हा डाव्या बाजूने सायकल चालवू लागला. पुन्हा काही लागलं नाही. फक्त ड्रायव्हर अधूनमधून धावता धावता डाव्या हाताचा पंजा डोळ्यांच्या रेषेत धरी, मग हळूहळू मागे नेई, आणि असं दोन-तीनदा करून हात खाली घेई. कंडक्टरला वाटलं, खांदा मोकळा करतोय.

तपासणीच्या दिवशी दवाखान्याचं दार गरमीमुळे अर्धवट उघडं होतं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या कंडक्टरला आतलं सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. डॉक्टरबाईंनी पट्टा फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला नाही. हसून म्हणाल्या, असं काय केलंत तुम्ही, बाकीच्यांनाही सांगा जरा. मग भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. ड्रायव्हरने अगदी खालची ओळसुद्धा वाचली. बाईंनी शिक्का उचलला. बाहेर कंडक्टरने मांडीवर थाप मारली आणि शेजारच्या मेकॅनिकला म्हणाला, चल, चहा माझ्याकडून.

"डॉक्टरबाई, अजून एक आहे," आतून आवाज आला.

कंडक्टरला आधी तो कुणाचा ते ओळखूच आलं नाही.

"समोरचं दिसतं. डावीकडचं दिसत नाही. आपटलं की कळतं."

शिक्का खाली ठेवल्याचा आवाज झाला. बाईंनी खुर्ची ओढून त्याच्यासमोर आणली. माझ्या नाकाकडे बघा, म्हणाल्या, नजर हलवायची नाही. बोट हललेलं दिसलं की 'आता' म्हणा. त्यांनी हात उजवीकडे नेला आणि बोट हलवलं. ड्रायव्हर लगेच म्हणाला, आता. मग हात डावीकडे नेला.

बोट हलत होतं. दाराच्या फटीतून कंडक्टरला ते स्वच्छ दिसत होतं. बाईंचं गोरं, नख कापलेलं बोट, वरखाली, वरखाली. आणि ड्रायव्हर समोर बघत मुकाट बसला होता, थांब्यावर बसायचा तसा. बोट आणखी पुढे आलं. अजून हलत होतं. कंडक्टरचे ओठ उघडले, जीभ टाळ्याला लागली. 'आता' हा शब्द इतक्या जोरात वर आला की त्याने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. आणि तसं दाबून धरलेलं असतानाच त्याला सगळं समजलं. डावीकडे सायकल आहे. डावीकडून म्हातारी येतेय. येऊ दे, येऊ दे, आता बस. किती वर्षं तो हे ओरडत होता, दारात लटकून, बसच्या पत्र्यावर थापा मारत. डावीकडचं जग ड्रायव्हरच्या डोळ्यांतून कधी विरत गेलं ते ड्रायव्हरलाही कळलं नव्हतं, कारण त्या जागी एक आवाज बसवलेला होता.

बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "आता."

मोठ्या इस्पितळातल्या तपासणीने नवं काही सांगितलं नाही. दोन्ही डोळ्यांच्या आतला दाब वाढून डावीकडची नजर गेली होती. थेंब घालत राहिलं तर आहे ती टिकेल, गेलेली येणार नाही. चाला, धावा, काम करा, जपून करा. मोठं वाहन मात्र नाही.

कंडक्टर ते ऐकून संतापला. डॉक्टरांवर नव्हे. कॅन्टीनमागच्या नळापाशी त्याने ड्रायव्हरला गाठलं आणि मनात येईल ते बोलला. शिक्का लागत होता. बाईंनी उचललाच होता. मी होतो की डावीकडे, इतकी वर्षं होतो, पुढेही असतो. कुणाला काय कळणार होतं?

"जन्मभर तोंड शिवून बसलास," तो म्हणाला, "आणि उसवलंस ते नेमकं तिथे?"

ड्रायव्हर हात धूत होता. धुऊन झाल्यावर त्याने नळ घट्ट बंद केला.

"तू एखाद दिवशी आजारी पडलास तर?" तो म्हणाला. "थांब्यावर पोरं उभी असतात."

कंडक्टर पाठ फिरवून निघून गेला. रेडिओ बंद पडला, असं त्या आठवड्यात डेपोत सगळे म्हणत होते.

ड्रायव्हर टायरच्या गोदामात बसू लागला. बसवर एक नवा ड्रायव्हर आला, चुणचुणीत, हसतमुख, दोन्ही बाजूंचं उत्तम दिसणारा. त्याच्या मानेवर घडी नव्हती. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, काका, तुम्ही ओरडू नका, मला आरशात दिसतं सगळं. कंडक्टर तिकिटं फाडत राहिला आणि बेल ओढत राहिला. पहाटे त्याला अजून जाग येई, पण सायकलला हात लावावासा वाटत नसे. कुठल्या तोंडाने जायचं? आपण त्याचं बीपी उतरवायला गेलो, आणि त्या धावण्यानेच त्याला आपल्या आवाजाने झाकलेला आंधळा कोपरा दाखवून दिला. धावला नसता तर कळलं नसतं. कळलं नसतं तर... आणि इथे तो विचाराला लगाम घाली, कारण पुढे थांब्यावरची पोरं उभी होती.

मग वहिनींचा निरोप आला. कारखान्यात जायला त्या कंडक्टरच्याच बसने येत. तिकीट घेताना हळूच म्हणाल्या, भाऊजी, एकदा घरी येऊन जा. हुकूम आल्यापासून बूट पलंगाखालीच आहेत. पहाटे उठतात, पण पलंगाच्या काठावर बसून राहतात. थेंबसुद्धा मी घालते तेव्हा घालून घेतात. मी काय बोलू? मला तर वाटतं हा माणूस आतून बसत चाललाय.

कंडक्टरने रात्रभर मनातल्या मनात भाषण रचलं. अर्ज करायचा, मोठ्या साहेबांना भेटायचं, दुसऱ्या इस्पितळात दाखवायचं. आणि गाडी नाही तर नाही, पण धावणं का सोडायचं? डॉक्टरांनी स्वतः धावा म्हटलंय. त्याने मुद्दे बोटांवर घोळवून ठेवले. उजाडायच्या सुमाराला तो ड्रायव्हरच्या दारात होता.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत पलंग, भिंतीला लागून मुलीचं टेबल, त्यावर पुस्तकं आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची छोटी बाटली. मुलगी आत झोपलेली. वहिनी ओट्यापाशी चहा गाळत होत्या. ड्रायव्हर पलंगाच्या काठावर बसला होता, गुडघ्यांवर हात, नजर जमिनीकडे. कंडक्टर मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसला.

भाषण सुरू केलं. अर्जाचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं. ड्रायव्हर हलला नाही. दुसरं इस्पितळ सांगितलं. धावायला डोळे नाही, पाय लागतात, हे ठेवणीतलं वाक्यही वापरलं, आणि बोलल्याबरोबर ते किती पोकळ आहे हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. वहिनींनी चहा पुढे ठेवला आणि नवऱ्याकडे न बघता परत ओट्याकडे वळल्या. मुद्दे संपले. खोलीत शांतता झाली, आणि शांतता म्हटली की कंडक्टरचा जीव घाबरा होई. म्हणून तो काहीबाही बोलू लागला. डेपोचं, पावाच्या भाववाढीचं, नव्या ड्रायव्हरच्या शिट्टी वाजवायच्या खोडीचं.

"आणि काल तर कहरच," तो म्हणाला. "बाजाराचा रस्ता खणलाय. पाइप टाकतायत म्हणे. बस मागच्या गल्लीतून वळवलीय, भट्टीच्या पाठीमागून. तू कधी गेलायस तिथून? मी नाही गेलो. इतकी वर्षं इथे काढली आणि अशी गल्ली आहे हेच ठाऊक नव्हतं. एवढीशी अरुंद, बस जाते तर दोन्हीकडच्या खिडक्या पटापट बंद होतात. मधे एक वळण आहे, म्हणजे असावं, कारण सगळे उतारू एकीकडे कलंडले. पुढे काय होतं काही कळलं नाही मला. एक मोठं झाड होतं बहुतेक, फांदी टपावर घासली. की तारा होत्या? वाणी म्हणतो विहीर आहे. शिपाईण म्हणते विहीर नव्हे, पायऱ्या आहेत, खाली कुठेतरी जातात. तो नवा तर म्हणतो, काका, मी आरशात बघत होतो..."

ड्रायव्हरने मान वर केली होती.

कंडक्टरला ते दिसलं नाही. तो चहात बिस्किट बुडवत होता आणि ते मधेच तुटून पडल्यामुळे चमच्याने शोधत होता. शोधता शोधता सांगत होता की त्या गल्लीत पावाचा वास इतका दाट येतो की उतारू आपोआप गप्प होतात, आणि चढ आहे की उतार याचा पत्ता लागत नाही, इंजिन एक बोलतं आणि पोट दुसरं. वहिनी मात्र ओट्यापाशी हातातलं फडकं तसंच धरून उभ्या राहिल्या होत्या. ड्रायव्हर वाकला. पलंगाखालून त्याने आधी उजवा बूट काढला, मग डावा हाताने चाचपून. नाड्या बांधल्या, दोन्हींच्या गाठी बोटाने दाबून पाहिल्या.

"...आणि शेवटी बाहेर कुठे निघालो, तर शाळेच्या मागे," कंडक्टर म्हणत होता. "आता शाळेच्या मागे कसे निघालो? शाळा तर पलीकडे. तूच सांग..."

ड्रायव्हर उठला. डावा हात पुढे करून त्याने दाराची चौकट कुठे आहे ते बोटांनी बघून घेतलं, आणि बाहेर पडून बाजाराच्या दिशेने पावलं उचलली.